ओट्यावरचा ठिपका

रागिणी गावंडेला राग लवकर येतो, हे जठारपेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिला सर्वांत जास्त राग यायचा तो एका साध्या प्रश्नाचा. कुणी पाहुणा घरी आला, चहाचा कप हातात घेऊन तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "तू नेमकं करते काय व?" की तिच्या कपाळावरची शीर उडायला लागायची.

ती करायची ते असं. चित्रं शोधायची एक साइट आहे. तिथं लोक गप्पा मारायला येत नाहीत, शोधायला येतात. कुणी ब्लाउजचे गळे शोधतं, कुणी स्वयंपाकघराचे ओटे, कुणी हळदीला बसायची बैठक. आवडलेलं चित्र आपल्या बोर्डावर टाचून ठेवतात, त्या बोर्डाला आपल्याला हवं ते नाव देतात. तिथं चित्रांचा समुद्र आहे. त्यात आपल्या गिऱ्हाइकाचं चित्र वर तरंगलं पाहिजे, तर त्याला नेमके शब्द द्यावे लागतात. दुकानाच्या मालकाला आवडणारे नव्हेत. शोधणारीच्या बोटांवर जे असतील ते. हे शब्द रागिणीला सापडायचे. अकोल्यातली दोन साडीची दुकानं आणि एक फर्निचरवाला तिच्या शब्दांवर पार दिल्लीपर्यंत पोचला होता.

दिवाळीनंतर अमरावतीच्या अद्वैत राऊतनं तिला काम दिलं. शेंदूरजनाघाटजवळ त्याच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. बागेत छोटा बंगला. अद्वैतनं त्याची एक भिंत निळी रंगवली, वेताचा झोपाळा टांगला, आणि लग्न ठरलेल्या जोडप्यांना फोटो काढायला ती जागा भाड्यानं द्यायला सुरुवात केली. नाव ठेवलं 'केसरबन'.

"प्रत्येक फोटोखाली पयलं नाव केसरबन पाहिजे," तो फोनवर म्हणाला.

"केसरबन कोण शोधते?" रागिणी म्हणाली. "तुमच्या घरचे सोडून?"

तो दुखावला. पण तिनं ऐकलं नाही. तिनं लिहिलं, 'संत्र्याच्या बागेत प्री-वेडिंग, पिवळ्या साडीतली नवरी.' तिनं लिहिलं, 'कडुनिंबाखालचा दगडी ओटा, हळदीची साधी बैठक.' हा दुसरा फोटो रिकाम्या ओट्याचा होता. नवरीचे सतरा फोटो पाहून कंटाळलेल्या डोळ्यांना एखादी रिकामी जागाही लागते, तिथं बघणारी स्वतःला बसवून बघते, हे तिला अनुभवानं माहीत होतं. फोटो चांगला होता. मागं संत्र्यांच्या रांगा, वरून निंबाची सावली, ओट्याचा अर्धा दगड उन्हात, अर्धा सावलीत.

त्या साइटवर चित्र उघडलं की यंत्र आपणहून ओळखू आलेल्या वस्तूंवर पांढरे ठिपके ठेवतं. साडीवर एक, बांगड्यांवर एक, खुर्चीवर एक. ठिपक्यावर बोट ठेवलं की तसल्याच वस्तूंची चित्रं समोर येतात. ओट्याच्या फोटोत रागिणीला ठिपका दिसला तो ओट्यावर नव्हता. ओट्याच्या वर, हातभर उंचीवर, नुसत्या हवेत होता.

तिनं बोट ठेवलं. समोर बायकांची चित्रं आली. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या वयांच्या. कुणी पायरीवर बसलेली, कुणी खडकावर, कुणी पलंगाच्या कडेवर. सगळ्या पाठमोऱ्या.

ती हसली. यंत्राला डोळे नसतात, कडा आणि सावल्या असतात. मागं एकदा त्यानं खराट्याला फुलांचा गुच्छ ठरवलं होतं. निंबाच्या सावलीत त्याला खांदा दिसला असेल. तिनं खिडकी बंद केली आणि साडीवाल्याचं काम काढलं.

डिसेंबरात केसरबनचे फोटो शोधात वर चढायला लागले. पण पिवळ्या साडीतली नवरी मागं राहिली. पुढं गेला तो ओटा. लोक कोणते शब्द टाकून त्या फोटोपर्यंत येतात, हे रागिणीला तिच्या पडद्यावर दिसायचं. वर असायला हवं होतं 'हळदीची बैठक'. वर होतं, 'पाठमोरी बसलेली बाई'.

हे शब्द तिनं लिहिले नव्हते. फोटोच्या वर्णनात नव्हते, बोर्डाच्या नावात नव्हते, कुठंही नव्हते. तिनं पुन्हा पुन्हा तपासलं. मग फोटो मोठा करून पाहिला, उजळ करून पाहिला, उलटा करून पाहिला. दगड होता. सावली होती. बाई नव्हती.

तिला वाटलं, हा कुणा स्पर्धकाचा खोडसाळपणा आहे. खोटी खाती काढून कुणीतरी तिची चढलेली चित्रं भलत्याच शब्दांत अडकवतंय. ती संतापली. फोटो टाचणाऱ्यांची खाती एकेक करून उघडायला बसली.

खाती खरी होती. वाशिमची एक शिवणकाम करणारी बाई होती. तिचे बोर्ड होते 'ब्लाउजचे गळे', 'बाह्या', 'लहान मुलींचे फ्रॉक'. नांदेडच्या एका शिक्षिकेचे होते 'डब्याच्या भाज्या' आणि 'वर्गसजावट'. एक इंदूरचा म्हातारा होता, त्यानं फक्त बोनसायची झाडं जमवली होती. आणि या प्रत्येकाकडं एक वेगळा बोर्ड होता, त्यात एकच चित्र होतं. ओट्याचं. शिवणकामवालीनं त्या बोर्डाला नाव दिलं होतं 'आमची'. शिक्षिकेनं नाव दिलं होतं 'रुसलेली'. म्हाताऱ्यानं नाव दिलंच नव्हतं, नुसतं एक टिंब ठेवलं होतं.

मग फोटोखाली लोक लिहायला लागले.

'वळ ना एकदा.'

'अशी पाठ करून बसायला काय झालं तुला?'

'कितनी बार बुलाऊँ?'

एक ओळ तिला न वाचता येणाऱ्या लिपीत होती. तिनं तिचं भाषांतर करून घेतलं. तेच होतं. फक्त पुढं एक शिवी होती.

सगळे चिडलेले होते. रागिणीला भीती नाही वाटली, तिला या लोकांचाच राग आला. सणसणीत उत्तर लिहायला ती बसली आणि थांबली. कुणाला काय उत्तर देणार? तिनं तो फोटो काढूनच टाकला. पण लोकांनी आपापल्या बोर्डावर टाचलेलं चित्र असं जात नाही. तिच्याकडून गेलं, त्यांच्याकडं राहिलं आणि पसरत राहिलं. अद्वैतच्या फोटोग्राफरकडून तिनं दुसऱ्या दिवशीचा, दुसऱ्या कोनातला फोटो मागवला. टाकला. ठिपका पुन्हा हवेतच आला. फक्त थोड्या लांबून.

जानेवारीत अद्वैतचा फोन आला. हॅलोसुद्धा म्हणाला नाही.

"तुमी माह्या जागेचं काय करून राहिल्या?"

"काय झालं?"

"काल परतवाड्याची पार्टी आली होती. पोरगी चांगली हसत-खेळत होती. ओट्यासमोर उभी राहिली आन् एकदम ओरडाले लागली. वळ ना, वळ ना म्हणून. सासूसमोर! हात धरून गाडीत बसवा लागलं तिले. आता तिचे सासरचे म्हणतात, पोरीले वेड आहे, लग्न मोडतो. तिच्या बापानं मले फोन केला. म्हणे, तुमच्या फोटोत काय आहे ते सांगा. काय सांगू? फोटोत तुमी काय घातलं?"

"मी फोटोत काही घालत नाही. मी शब्द लिहिते."

"मंग शब्दात काय घातलं?"

"राऊतसाहेब, नीट बोला."

"नीट काय बोलू? अमरावतीतल्या एकूणएक स्टुडिओले सांगतो मी, या बाईले काम देऊ नका म्हणून."

फोन बंद झाला. रागिणी उभीच होती. कामातल्या चुकीबद्दल कुणी बोललं तर ती ऐकून घ्यायची. पण लबाडी? पलीकडच्या खोलीतून आई बाहेर आली. सिंधूताईंना गुडघ्यांचा त्रास होता, दिवसभर त्या बैठकीतल्या दिवाणावर बसून टॅबवर कीर्तनं ऐकायच्या.

"कोणावर ओरडून राहिली?"

"हे बघ," रागिणीनं पडदा तिच्याकडं वळवला. "या दगडावरून भांडण. रिकाम्या दगडावरून! सांग, काय आहे याच्यात?"

सिंधूताईंनी चष्मा सावरला. बराच वेळ बघितलं. त्यांचा चेहरा बदलत गेला. तसा चेहरा रागिणीनं एकदाच पाहिला होता, सख्ख्या भावानं त्यांना लग्नाचं आवतन दिलं नव्हतं तेव्हा.

"काहून बसली व हे अशी?" त्या म्हणाल्या.

"कोण?"

"मले काय विचारते? मुद्दाम पाठ करून बसली. दिसते ना मले."

"आई, तिथं कोणी नाहीये."

"तुले नाही दिसत त तुह्या डोळ्यांत खोट आहे," सिंधूताई फटकन म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. दिवसभर त्या रागिणीशी बोलल्या नाहीत. जेवल्याही नाहीत. दुपारी रागिणीनं दाराच्या फटीतून पाहिलं, तर त्या टॅबवर तो ओटा उघडून बसल्या होत्या. ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं रागिणी अमरावतीला गेली. अद्वैतच्या ऑफिसात शिरली आणि म्हणाली, "चला. तुमच्या बागेत चला. तुमच्या हातानं फोटो काढा, तुमच्या फोनवरून टाका. मग सांगा मी काय घालते ते."

तो तिशीतला, नीट दाढी राखलेला माणूस होता. समोर बसलेल्या गिऱ्हाइकांदेखत त्याला नाही म्हणता आलं नाही. मोर्शी गेली, वरुड आलं. रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग, तणसाचा कचरा, ट्रकांच्या रांगा. काच खाली केली की सालींचा उग्र वास आत यायचा, काच वर केली की अद्वैतच्या सेंटचा. रागिणीचं डोकं दोन्हींनी चढलं.

बाग मात्र शांत होती. दुपारचं ऊन होतं, हवा गार होती. निंबाच्या झाडापासून थोडं दूर बागेचा राखणदार मोतीराम बसला होता. संत्र्यांचा कमरेएवढा ढीग त्याच्यासमोर होता आणि तो एकेक फळ पुसून पेटीत रचत होता. त्याची पाठ ओट्याकडं होती.

ओटा फोटोत दिसायचा तसाच होता. साधा, दगडी, चांगल्या सांध्यांचा. रागिणीनं त्याच्याभोवती फेरी मारली. हात लावला. दगड कोमट होता.

"किती जुना आहे हा?" तिनं मोतीरामला विचारलं.

"जुना काहीचा जी ताई. साहेबाच्या वडलानं बांधून घेतला. मीच गारा कालवला."

"इथं कोणी वारलं होतं का? काही झालं होतं का?"

"नाही जी. झाडं लावाच्या आंधी इथं नुसती कापसाची पऱ्हाटी होती."

"मग तुम्ही तिकडं पाठ करून का बसलात?"

मोतीरामनं हातातलं संत्रं पुसलं. उगाचच पुन्हा पुसलं.

"तिकडे पायलं का राग येते जी," तो म्हणाला.

"कशाचा?"

"ते नाही समजत. निस्ता राग येते. घरी जाऊन बायकोवर निंगते. म्हून पाहत नाही."

"ऐकलं?" अद्वैत मागून म्हणाला. "हा इथं वीस वर्षांपासून आहे. तुमचे फोटो चालू झाल्यापासून असं बोलून राहिला. आंधी याच ओट्यावर बसून भाकर खात होता."

"माझे फोटो? फोटो तुमचे आहेत! जागा तुमची, दगड तुमचा! मी घरी बसून चार शब्द लिहिले, तर बाई पैदा झाली काय इथं?"

"मंग लोक येडे आहेत का? ती पोरगी येडी आहे? तिचं लग्न मोडलं, बाई! तुमाले काही वाटते का नाही?"

तिनं खांद्यावरची पर्स मातीत भिरकावली.

"थांबा," ती म्हणाली. "बाई पाहिजे ना लोकांना? देते."

ती ओट्याकडं चालत गेली आणि कॅमेऱ्याकडं पाठ करून उन्हाच्या बाजूला बसली. समोर संत्र्यांच्या रांगा होत्या, सरळ, एकामागं एक, खूप आतपर्यंत गेलेल्या.

"काढा फोटो!" ती न वळता ओरडली. "आता तरी जित्ती बाई दिसेल त्यात!"

फोनचा खट् आवाज आला.

तिथं बसल्याबरोबर बरं वाटलं. राग होता, पण तो आता तिच्या आत नव्हता. पाठीमागं कुठंतरी होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. पानं हलत नव्हती. वास येत नव्हता.

"ताई," अद्वैत म्हणाला.

उठावं, असं तिच्या मनात आलं.

"ताई, वळा."

उठतेच, तिला वाटलं. एवढी घाई काय आहे?

ती उठली. वळली.

अद्वैत जिथं उभा होता तिथं नव्हता. गुडघ्यांवर बसला होता, मातीत. चेहरा लाल, डोळे पाण्यानं भरलेले, आवाज बसलेला.

"किती हाका मारायच्या?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "किती हाका मारायच्या माणसानं?"

"दोनदाच तर मारल्या," रागिणी म्हणाली.

तिचं लक्ष मोतीरामकडं गेलं. तो तिथं नव्हता. संत्र्यांचा ढीगही नव्हता. भरलेल्या पेट्या झाकणं ठोकून भिंतीशी रचलेल्या होत्या. निंबाची सावली ओटा ओलांडून बंगल्याच्या पायरीपर्यंत गेली होती.

अद्वैतनं फोन तिच्या हातात दिला. फोटोत ओटा होता. अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. रिकामा.

"मी पाहून राहिलो होतो तुमाले," तो म्हणाला. "बटन दाबलं तवा तुमी होत्या त्याच्यात."

"काढून टाका," रागिणी म्हणाली.

त्यानं तिच्यासमोर फोटो काढून टाकला. कचरापेटीतूनही काढला. साइटवर तो गेलाच नव्हता. तिनं खात्री करून घेतली, कारण ती खात्री करून घेणारी बाई होती.

परत येताना अद्वैतनं तिला अमरावतीच्या स्टँडवर सोडलं. "ताई, मी त्या पोरीच्या घरी जातो," तो गाडीतूनच म्हणाला. "सांगतो त्यांले, चूक तिची नाही म्हणून. काय सांगावं ते समजत नाही, पण जातो." रागिणीनं मान हलवली. भांडायला तिच्यात काही उरलं नव्हतं. एसटीत खिडकीशी बसून तिनं केसरबनचं सगळं खातंच बंद केलं. नवरी, झोपाळा, निळी भिंत, सगळं. तिला हलकं वाटलं. मूर्तिजापूरला एक बाई बसमध्ये चढली, तिच्या शेजारची जागा रिकामी आहे का हे न विचारता तिच्या अंगावरच बसायला लागली, दचकून उठली आणि "माय, दिसलंच नाही" म्हणाली. एरवी रागिणीनं तिला चार शब्द ऐकवले असते.

ती घरी आली तेव्हा रात्र झाली होती. थंडी पडायला लागली होती, खालच्या दुकानदारानं मफलर गुंडाळला होता. तिनं त्याला हात केला. तो रस्त्याकडं बघत राहिला. दार उघडंच होतं.

सिंधूताई दिवाणावर बसल्या होत्या, भिंतीकडं तोंड करून. मांडीवर टॅब होता. त्याच्या उजेडात त्यांच्या पांढऱ्या केसांच्या कडा चमकत होत्या.

"आई, आले मी."

त्या हलल्या नाहीत.

"आई!"

कालचा अबोला अजून गेला नव्हता, असं तिला वाटलं. ती दोन पावलं आत आली. आईच्या खांद्यावरून तिला पडदा दिसला. ओटा होता तो. पण हा फोटो तिनं टाकलेल्या दोन्हींतला नव्हता. यात एका बाजूला मातीत एक पर्स पडलेली होती.

सिंधूताईंच्या आवाजात आता राग नव्हता. लहान मुलीशी बोलावं तशा त्या पडद्याशी बोलत होत्या.

"सापडली व माय. किती शोधलं तुले. उन्हात काहून बसली? गाल पाह्य कसा लाल झाला. सरक ना सावलीत."

रागिणी दारात उभी होती. बाहेरून गार वारा येत होता. तिनं डाव्या गालाला हात लावला. गाल भाजत होता.

आपण काय करतोय हे कळायच्या आत ती एक पाऊल उजवीकडं सरकली.

"हां," सिंधूताई पडद्याकडं बघत म्हणाल्या. "आता बरं."